वाचकांचे प्रश्न : रिजन्सी प्रणयकथा वाचताना आणि जोखताना

इंग्लंडच्या रिजन्सी काळावर बेतलेल्या प्रणयकादंबऱ्यांबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. किताब आणि लग्नाचे कायदे यांवरची पत्रं सर्वांत जास्त होती, म्हणून ती उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न : ‘रिजन्सी रोमान्स’ असं लिहिलेली शेकडो पुस्तकं दिसतात. त्यांतली ‘ट्रॅडिशनल’ कोणती म्हणायची?

उत्तर : काटेकोर हिशेबाने रिजन्सी म्हणजे ५ फेब्रुवारी १८११ ते २९ जानेवारी १८२०. तिसरा जॉर्ज राजा आजारामुळे कारभार पाहू शकत नव्हता, म्हणून युवराज त्याच्या वतीने रीजंट झाला आणि राजाच्या मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिला. कादंबरीकार ही चौकट सैल धरतात. १८०० ते १८३० मधलं काहीही या नावाखाली खपतं आणि त्यात फारसं बिघडत नाही.

‘ट्रॅडिशनल’ हा त्यातला एक ठरावीक घाट आहे. पुस्तक आटोपशीर, साधारण ६० ते ८० हजार शब्दांचं. शयनगृहाचं दार बंद, फार तर एखादं चुंबन. गोष्टीचा सगळा भार संवादावर, विनोदावर आणि समाजाच्या नियमांतून वाट काढण्यावर. जेन ऑस्टिन त्याच काळात लिहीत होती, पण तिच्या दृष्टीने ती आजच्या समाजाची गोष्ट होती, म्हणून ती बग्गीचं वर्णन करत बसत नाही. मागे वळून त्या काळात गोष्ट रचण्याचा हा प्रकार घडवला जॉर्जेट हेयरने. रिजन्सीत घडणारी तिची पहिली कादंबरी १९३५ ची. पुढे अमेरिकेतल्या पेपरबॅक प्रकाशकांनी दर महिन्याला अशी पुस्तकं काढण्याच्या मालिका चालवल्या. त्यांतल्या शेवटच्या मोठ्या मालिका २००५-०६ च्या सुमारास बंद पडल्या. त्यामुळे अस्सल ट्रॅडिशनल आज बहुतेक जुन्या पुस्तकांत किंवा ई-बुक म्हणून पुन्हा निघालेल्या आवृत्त्यांत सापडतं. मुखपृष्ठावर जोडपं किती अंतर राखून उभं आहे, यावरूनही बऱ्यापैकी अंदाज येतो.

प्रश्न : मी वाचत असलेल्या कादंबरीत नायिकेचे वडील बॅरोनेट आहेत आणि सगळे तिला ‘लेडी कॅरोलाइन’ म्हणतात. हे बरोबर आहे का? आणि चूक असेल तर एवढ्यावरून पुस्तक वाईट म्हणावं का?

उत्तर : चूक आहे, आणि या प्रकारात सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच. ‘लॉर्ड’चं स्त्रीलिंगी रूप ‘लेडी’ एवढ्यावर लेखक थांबतो आणि घसरतो. लेडी होण्याचे रस्ते वेगवेगळे आहेत आणि प्रत्येक रस्त्यावर त्या शब्दापुढे येणारं नाव बदलतं.

ड्यूक, मार्क्विस किंवा अर्ल (उमरावांचे वरचे तीन दर्जे) यांच्या मुली जन्मतः लेडी. त्यांना पहिल्या नावाने हाक मारतात : लेडी कॅरोलाइन. तिने साध्या मिस्टर हेलशी लग्न केलं तरी ती लेडी कॅरोलाइन हेलच राहते. व्हायकाउंट आणि बॅरन (खालचे दोन दर्जे) यांच्या मुली मात्र बोलताना नुसत्या मिस. मार्क्विसपासून बॅरनपर्यंत कोणाचीही बायको नवऱ्याच्या किताबाने ओळखली जाते. नवरा लॉर्ड ॲशबी असेल तर ती लेडी ॲशबी, तिचं पहिलं नाव मध्ये येतच नाही. बॅरोनेट आणि नाइट हे उमराव नव्हेत. ते ‘सर जॉन’, बायको आडनावाने लेडी हेल, मुलगी मिस हेल. दोन मुली असतील तर थोरली मिस हेल आणि धाकटी मिस ॲन हेल. थोरलीचं लग्न झालं की धाकटी मिस हेल होते. चौथा रस्ता थोडा गमतीचा : ड्यूक किंवा मार्क्विसचा धाकटा मुलगा लॉर्ड हेन्री स्टोन असेल, तर त्याची बायको लेडी हेन्री स्टोन. पुस्तकात ‘लेडी हेन्री’ भेटली तर छपाईची चूक समजू नका, लेखिकेला विषय येतो असं समजा.

पुरुषांकडे दोन ठिकाणी बघा. ड्यूकला ‘युअर ग्रेस’ नोकर-चाकर आणि खालच्या दर्जाचे लोक म्हणतात. बरोबरीचे लोक नुसतं ‘ड्यूक’ म्हणतात. क्लबमध्ये जुना मित्र दर वाक्याला ‘युअर ग्रेस’ करत असेल तर लेखकाचा कान कच्चा आहे. दुसरं, किताब आणि आडनाव बहुधा वेगळे असतात. अर्ल ऑफ ॲशबीचं आडनाव स्टोन असेल, तर त्याचा धाकटा भाऊ मिस्टर स्टोन; ‘मिस्टर ॲशबी’ असा कोणी नसतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. चूक कुठे बसली आहे ते पाहा. नुसती हाक चुकली असेल तर पेन्सिलने खूण करा आणि पुढे वाचा. पण ‘लेडी’ म्हटल्यामुळे एखाद्याला तिच्या घराण्याचा पत्ता लागला, किंवा तिच्या दर्जामुळे नायक मागे हटला, असं कथानक असेल तर गोष्टीची तुळईच पोकळ आहे. पुढचा सगळा काळाचा तपशील हीच फूटपट्टी लावून तपासा : चूक दागिन्यात आहे की तुळईत?

प्रश्न : अर्लने चिडून मृत्युपत्रात किताब पुतण्याला दिला, असं दाखवलं आहे. शक्य होतं का?

उत्तर : नाही. किताब कसा उतरायचा हे तो देतानाच्या राजाच्या सनदेत ठरलेलं असतं, बहुधा औरस पुरुष वारसाकडे. तो मृत्युपत्राने देता येत नाही, काढून घेता येत नाही, दत्तक मुलाला मिळत नाही. नको म्हणून सोडताही येत नसे. ती सोय १९६३ ची. आईबापांनी नंतर लग्न केलं तरी आधी जन्मलेला मुलगा इंग्लंडच्या कायद्याने वारस ठरत नसे. अर्लच्या हातात असते ती किताबाला न बांधलेली जमीन आणि रोकड. ती तो वाटेल त्याला देऊ शकतो. म्हणजे किताब एकाकडे आणि पैसा दुसरीकडे, ही परिस्थिती अगदी खरी, आणि चांगल्या लेखिका तीच वापरतात. नवरा वारल्यावर विधवा गरोदर आहे म्हणून पुतण्याला बाळ जन्मेपर्यंत ताटकळावं लागतं, हेही खरं.

प्रश्न : स्पेशल लायसन्स आणि ग्रेटना ग्रीन हे प्रत्येक पुस्तकात येतं. नेमके नियम काय होते? वाचताना काय तपासायचं?

उत्तर : १७५३ चा हार्डविक यांचा विवाह कायदा डोक्यात ठेवा, तो १७५४ पासून लागू झाला. इंग्लंडमध्ये कायदेशीर लग्नाचे तीन मार्ग. पहिला बॅन्स : दोघांच्या पॅरिशमधल्या, म्हणजे राहत्या भागातल्या चर्चमध्ये तीन रविवार जाहीर पुकारा आणि मग लग्न. स्वस्त, पण सगळ्या गावाला कळणार. दुसरा साधा परवाना, बिशपकडून मिळणारा. पुकारा टळतो, पण लग्न त्यात नाव लिहिलेल्या चर्चमध्ये आणि सकाळी आठ ते बारा या वेळातच. तिसरा स्पेशल लायसन्स : तो फक्त कँटरबरीच्या आर्चबिशपच्या लंडनमधल्या कार्यालयातून मिळे. त्यावर कुठेही, केव्हाही लग्न लागतं, घरच्या दिवाणखान्यात रात्री दहालासुद्धा.

यात कादंबऱ्या चुकतात त्या अशा. गावातला विकर (पाद्री) किंवा जवळचा बिशप स्पेशल लायसन्स काढून देतो : अशक्य. नायक महिनाभर कोरं लायसन्स खिशात घेऊन फिरतो आणि शेवटच्या प्रकरणात नायिका ठरल्यावर बाहेर काढतो : हेही अशक्य, कारण त्यावर दोघांची नावं आधीच लिहिलेली असतात. संध्याकाळी प्रस्ताव, पहाटे यॉर्कशायरमध्ये स्पेशल लायसन्सवर लग्न, असं असेल तर मधे लंडनला कोण जाऊन आलं, ते विचारा.

ग्रेटना ग्रीन स्कॉटलंडच्या सीमेवर. हार्डविकचा कायदा तिथे लागू नव्हता. दोन साक्षीदारांसमोर दोघांनी आम्ही नवरा-बायको म्हटलं की झालं. पालकांची संमती लागत नसे. इंग्लंडात मात्र २१ पूर्ण नसताना परवान्यावर लग्न करायचं तर वडिलांची किंवा पालकाची संमती हवीच. म्हणून पहिला प्रश्न वयाचा. नायिका २३ वर्षांची, नायक तिशीचा, तरी दोघं उत्तरेकडे पळत सुटली असतील तर कारण काय? कोणी कोंडून ठेवलं असेल, बदनामीची घाई असेल तर ठीक. कारणच नसेल तर लेखकाला फक्त पाठलागाची प्रकरणं हवी होती.

दुसरा प्रश्न अंतराचा. लंडन ते ग्रेटना सुमारे ३२० मैल. भाड्याची पोस्ट-चेज (बंद घोडागाडी) चांगल्या रस्त्यावर तासाला आठ-दहा मैल जाते आणि दर दहा-पंधरा मैलांना घोडे बदलावे लागतात. म्हणजे न थांबता दीड दिवसाच्या आसपास, रात्री मुक्काम केला तर तीन-चार दिवस, आणि घोडे बदलायचे वीस-पंचवीस वेळा. दोन घोड्यांचं भाडं मैलाला दीड शिलिंग धरा, २४ पौंड होतात. टोल, घोडे हाकणाऱ्या पोस्टबॉयची बक्षिशी, जेवण वेगळं. चार घोडे जुंपले तर भाडं दुप्पट. खिसा रिकामा असलेला धाकटा भाऊ हे पैसे कुठून आणतो, हे चांगल्या पुस्तकात आलेलं असतं. कधी कधी त्याचे पैसे वाटेतच संपतात आणि तिथूनच खरी गोष्ट सुरू होते.

प्रश्न : ‘लग्न नावापुरतं ठेवू, वर्षभराने रद्द करून घेऊ,’ असा करार वारंवार दिसतो.

उत्तर : आणि वारंवार चुकीचा असतो. पतिपत्नी एकत्र आले नाहीत एवढ्या कारणावर लग्न रद्द होत नसे. आधीचं लग्न, निषिद्ध नातं, अल्पवयीन असताना संमतीविना परवान्यावर केलेलं लग्न, वेड, किंवा चर्चच्या न्यायालयात सिद्ध झालेली नपुंसकता अशी कारणं लागत. ती शेवटची कोणता तरणाबांड अर्ल सिद्ध करायला जाईल? पुन्हा लग्न करता येईल असा पूर्ण घटस्फोट १८५७ पर्यंत संसदेचा खाजगी कायदा करूनच मिळे. लेखिकेने दोघांना हा कायदा नीट माहीत नाही असं दाखवून वकिलाकडून मधेच हबकवलं, तर हाच करार छान चालतो.

प्रश्न : ‘तिच्याकडे दहा हजार पौंड आहेत’ म्हणजे ती श्रीमंत की मध्यम? आकड्यांचा अंदाजच येत नाही.

उत्तर : आजच्या पैशात रूपांतर करू नका, त्याने गोंधळ वाढतो. मुद्दलाचं वर्षाचं उत्पन्न करा. ३ टक्क्यांचे सरकारी रोखे, म्हणजे कॉन्सोल्स, नेपोलियनशी चाललेल्या युद्धाच्या काळात १०० च्या दर्शनी किमतीला ६० च्या आसपास मिळत, म्हणजे हातात ५ टक्क्यांच्या जवळपास पडे. दहा हजारांवर वर्षाला सुमारे ५०० पौंड. त्या काळी घरकाम करणाऱ्या मोलकरणीला खाऊनपिऊन वर्षाला ८ ते १६ पौंड मिळत, घरी राहून मुलांना शिकवणाऱ्या गव्हर्नेसला २० ते ४०. तेव्हा ५०० म्हणजे नोकरचाकर ठेवून सुखाने राहता येईल इतकं, पण लंडनमध्ये मोठं घर, घोडे आणि सीझनचा, म्हणजे नाच-मेजवान्यांच्या हंगामाचा थाट ठेवता येणार नाही. एक हजार पौंडांच्या नायिकेचे मात्र वर्षाला पन्नासच होतात. ती गव्हर्नेस व्हायचा विचार करते ते उगीच नाही.

एक पौंड म्हणजे २० शिलिंग, एक शिलिंग म्हणजे १२ पेन्स. गिनी २१ शिलिंगची. घोडे, जुगाराच्या पैजा, डॉक्टरची फी गिनीत बोलतात. लग्न झालं की बायकोची रोकड नवऱ्याची होते, म्हणून लग्नाआधी वकील करारनामा करतात : तिचा हातखर्च किती, विधवा झाल्यास वर्षासन किती, धाकट्या मुलांना किती. नायिकेचा काका शहाणा दाखवला असेल आणि हा करारनामा कुठेच येत नसेल, तर काका शहाणा नाही.

कर्जाचा एक बारकावा बहुतेकांना माहीत नसतो. उमरावाला दिवाणी कर्जासाठी अटक करता येत नसे. ‘अर्ल कर्जदारांच्या तुरुंगात’ हे दृश्य म्हणूनच खोटं. त्याचा धाकटा भाऊ जाऊ शकतो. अर्लचा थोरला मुलगाही जाऊ शकतो, कारण त्याचा किताब नुसता शिष्टाचाराचा. तो खासदार असेल तरच वाचेल. जुगारातलं देणं कायद्याने वसूल होत नसे, तरी ते आधी फेडायचं आणि शिंप्याला वर्षानुवर्षं झुलवायचं, ही तिथल्या सभ्य गृहस्थांची रीत.

प्रश्न : चुंबनापलीकडे काही नसतं, मग प्रेम जमलं की नाही हे कशावरून ठरवायचं?

उत्तर : नाचाचा प्रसंग घ्या, तिथे सगळं उघडं पडतं. जोडीदार सहसा लागोपाठ दोन नाच एकत्र नाचतो, म्हणजे साधारण अर्धा तास. कंट्री डान्समध्ये लांब रांगा असतात आणि आपली पाळी येईपर्यंत जोडी उभी राहते. वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांसमोर, तरी दोघांनाच ऐकू येईल असं बोलायची ही जवळपास एकमेव जागा. एका रात्री त्याच माणसाबरोबर पुन्हा पुन्हा नाचलं की लोक लग्नाची तारीख विचारू लागतात.

आता समजा, नायक पुन्हा नाचायला विचारतो आणि ती म्हणते, “तुमच्या मावशींनी आत्ताच चष्मा पुसला.” तो म्हणतो, “मग त्यांचे कष्ट वाया कशाला घालवायचे?” दोनच वाक्यं, पण त्यांत धोका दोघांना ठाऊक असल्याचं कळतं, तिने नकार दिलेला नाही हे कळतं, आणि तो सगळ्यांसमोर नाव जोडून घ्यायला तयार आहे हेही. कमअस्सल पुस्तकात याच जागी तिच्या हृदयाचे ठोके वाढतात आणि त्याचे डोळे गडद होतात. दोघं एकमेकांना हसवतात का, एकाचं वाक्य दुसऱ्याला पुढच्या प्रकरणात आठवतं का, एकमेकांसमोर बोलण्याची ढब इतरांसमोरच्यापेक्षा वेगळी आहे का, हे शोधा.

मग अडथळा तपासा. ‘दोघं पाच मिनिटं बोलली असती तर पुस्तक संपलं असतं,’ हा आक्षेप आपण सर्रास घेतो. या काळात तो जपून घ्यावा लागतो. साखरपुडा झाल्याशिवाय तरुण मुलीने परपुरुषाला पत्र लिहायचं नाही, बंद गाडीत त्याच्याबरोबर बसायचं नाही. बोलायला खरोखर जागा नसते. पण त्याच पुस्तकात तो तिला उघड्या करिकलमधून (दोन घोड्यांच्या हलक्या गाडीतून) पार्कात फिरवून आणतो, मागे एक मोतद्दार फक्त, आणि तरीही गैरसमजाबद्दल दोघं गप्प? मग आक्षेप रास्त आहे. गप्प राहण्याचं कारण स्वभावात दाखवलं असेल, गर्व, भीती, दुसऱ्याचं गुपित, तरच सोडून द्या.

प्रश्न : काडेपेटी, पोलीस असल्या चुका दिसल्या की माझा रस जातो. मी फार चिकित्सक आहे का?

उत्तर : थोडे. घासून पेटणारी काडी १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली, लंडनचे गणवेशातले पोलीस १८२९ चे. त्याआधी गुन्हेगार पकडायला बो स्ट्रीटचे रनर असत. पाकिटात घातलेलं पत्रही बहुधा चूकच. टपाल अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर आकारत आणि ते पत्र घेणाऱ्याला भरावं लागे. पाकीट म्हणजे आणखी एक कागद. म्हणून तोच कागद दुमडून लाखेने बंद करत. स्पेनमध्ये नेपोलियनच्या फौजांशी लढणाऱ्या इंग्रज सेनापती वेलिंग्टनचं बघा : तो १८०९ मध्ये व्हायकाउंट झाला, १८१२ मध्ये आधी अर्ल मग मार्क्विस, आणि ड्यूक मे १८१४ मध्ये. १८११ च्या स्पेनमध्ये ‘ड्यूक’चा हुकूम आला तर खूण करायला हरकत नाही. नायकाने काडी ओढली म्हणून चांगली जमलेली जोडी टाकून देऊ नका, एवढंच. शिवाय तपशील अचूक आणि माणसं लाकडी, अशीही पुस्तकं पुष्कळ आहेत. दर पानावर त्या काळची बोली आणि वेस्टकोटांची नावं ओतणारी पुस्तकं त्यातलीच.

प्रश्न : पुस्तकात वर्षच दिलेलं नाही. कसं ओळखायचं?

उत्तर : युवराजाला ‘रीजंट’ म्हणत असतील तर फेब्रुवारी १८११ नंतरचं. गोठलेल्या थेम्सवर जत्रा भरली असेल तर फेब्रुवारी १८१४. नेपोलियन एल्बा बेटावर आहे म्हणत असतील तर मे १८१४ ते फेब्रुवारी १८१५. ब्रसेल्सला नाच आणि तोंडावर लढाई असेल तर जून १८१५. वॉटर्लू १८ तारखेला झालं. उन्हाळाभर पाऊस, थंडी आणि बुडालेली पिकं म्हणजे १८१६. सगळं शहर अचानक काळ्या कपड्यांत दिसलं तर नोव्हेंबर १८१७ समजा, राजकन्या शार्लट बाळंतपणात गेली तेव्हाचं. वॉल्ट्झ १८१२ च्या आधी बिनधास्त चालला असेल तर शंका घ्या. ऑल्मॅक्स या लंडनच्या उच्चभ्रू नाचघरातल्या बुधवारच्या नाचात क्वाड्रिल दिसला तर १८१५ किंवा नंतरचं. खिशातून गिनीऐवजी सोन्याचं सॉव्हरिन निघालं तर १८१७ किंवा पुढचं. आणि एखादा हौशी तरुण दोन चाकांच्या लाकडी घोड्यावर बसून पायांनी जमीन रेटत रस्त्यावरून जाताना दिसला, तर १८१९. लंडनला त्या वर्षी त्याचंच वेड लागलं होतं. दोन खुणा जुळल्या की पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर वर्ष लिहून ठेवा, पुढचा वाचणारा दुवा देईल.